ऑक्टोबरच्या आत

"मगदूम बाई, तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?" भिलवडीकर म्हणाले. "करणार असाल तर ऑक्टोबरच्या आत करावं लागेल. एकतीस तारखेला पॉलिसीची मुदत संपते."

मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. सिस्टरने बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते आणि हाक मारेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत असं बजावलं होतं. मोतीबिंदू आत्ताच काढायचा की थांबायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. येताना सोबत कोणाला तरी आणा असं दवाखान्याने सांगितलं होतं. भिलवडीकर आमच्याच कॉलनीत राहायचे, म्हणून ते आले होते.

मी डोळे उघडले. समोर एक पांढरा सदरा तेवढा दिसला, बाकी सगळं धूसर.

"काय म्हणालात?"

"पुन्हा म्हणायला लावू नका. आधीच घशाला कोरड पडली आहे."

"पॉलिसीची मुदत म्हणजे?"

"ते सविस्तर सांगतो. आधी तुम्ही डोळे मिटा, थेंब वाया जातील."

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. डॉक्टरांनी त्या दिवशी काय काय सांगितलं, त्यातलं मला निम्मंही आठवत नाही. सहा महिने थांबायला हरकत नाही, एवढं लक्षात राहिलं. येताना रिक्षावाल्यानेच रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल जे काही बोलायचं ते बोलून घेतलं.

मी सांगलीच्या एका अनुदानित शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यामुळे आमराईत सकाळी फिरायला येणारे सगळे मला बाईच म्हणत. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. भिलवडीकर बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी मेलबर्नला. रविवारी फिरून झालं की आमराईतल्या एका बाकावर त्यांची बैठक भरायची. निवृत्त माणसं पिशव्यांतून आपापल्या विम्याची कागदं घेऊन यायची आणि भिलवडीकर चष्मा लावून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

"आधी विचारा," ते प्रत्येकाला सांगायचे. "एजंट सांगतो त्यावर जाऊ नका. कंपनीला विचारा, लेखी विचारा, आणि मगच सही करा."

टॉप-अप म्हणजे काय ते मला त्यांच्याकडूनच कळलं. ते म्हणायचे, "आपण सांगलीची माणसं, आपल्याला सोपं आहे. कृष्णेचं पाणी चाळीस फुटांपर्यंत नदीचं नदीत राहतं. त्याच्या वर गेलं की गावात शिरतं. आपली मूळ पॉलिसी म्हणजे चाळीस फुटांपर्यंतचं पात्र. टॉप-अप हा त्याच्या वरच्या पाण्यासाठी. म्हातारपणी नुसत्या पात्रावर भागत नाही."

माझं पात्र फारच उथळ होतं. यजमानांनी कधीकाळी काढलेली दोन लाखांची पॉलिसी मी नेमाने चालू ठेवली होती. मोठ्या आजारपणाची काळजी नव्हती, कारण माझा मुलगा तुषार पुण्यात ज्या कंपनीत होता, ती आई-वडिलांनाही विमा द्यायची. त्या वर्षी त्याने नोकरी बदलली. नव्या कंपनीत आई-वडिलांची सोय नव्हती. तुषारने माझ्यासाठी दोन ठिकाणी टॉप-अपचे अर्ज केले. दोन्हीकडून नकार आला. मी इन्शुलिन घेते, एवढं कारण त्यांना पुरलं.

आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या आमराईच्या गटातले चौगुले सर आजारी पडले. डोक्यात रक्तस्राव झाला. मिरजेला महिनाभर दवाखान्यात होते. सर वाचले, पण विश्रामबागेतलं घर विकावं लागलं. आता सर आणि वहिनी मुलीच्या घरी एका खोलीत राहत होते. मी भेटायला गेले तेव्हा सरांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "बाई, मी वाचायलाच नको होतं." वहिनी शेजारीच बसल्या होत्या.

त्या दिवसापासून मला माझ्या तब्येतीची भीती वाटायला लागली होती. पायाला मुंगी चावली तरी मी बॅटरी घेऊन तळवा बघायचे.

रिक्षा घरापाशी थांबली. भिलवडीकर उतरून फाटकाशी उभे राहिले.

"आता सांगा," मी म्हणाले.

"आमच्या बँकेने निवृत्तांसाठी सामूहिक पॉलिसी काढली आहे. सभासद आणि त्याची पत्नी. वरती मोठा टॉप-अप घ्यायची सोय आहे. तपासणी नाही, आधीच्या आजारांची अट नाही. साखर, बीपी, सगळं पहिल्या दिवसापासून धरतात. वर्षातून एकदाच ऑक्टोबरमध्ये नाव घालता येतं." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "तुम्हाला बाहेर कोणी घेत नाही. माझ्याकडे पत्नीची जागा रिकामी आहे. रजिस्टर लग्नाला महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून आजच विचारलं. दवाखान्यात विचारायचं नव्हतं खरं म्हणजे. पण घरी आलो असतो तर तुम्ही चहा ठेवला असता, आणि मग मला बोलता आलं नसतं."

"आणि लोक?"

"लोकांचं मला माहीत नाही. मी मुदतीचं बोलतोय."

मला हसू आलं, आणि रागही आला. मी फाटक लावून घेतलं आणि विचार करून सांगते म्हणाले.

विचार मी चार-पाच दिवस केला. खरं सांगायचं तर विचार असा काही नव्हताच. सकाळी आमराईत ते दिसले की माझं चालणं बिघडायचं. त्याआधी दोन वर्षं आम्ही रोज बरोबर चालत होतो, भाज्यांचे भाव आणि नदीची पातळी यांवर बोलत होतो, आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. निदान मी तसं समजत होते. एक दिवस त्यांना यायला उशीर झाला, तर मी बाकाभोवती तिसरी फेरी मारत होते. गटातल्या आरवाडे वहिनींनी विचारलं, "बाई, काही हरवलंय का?"

पाचव्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "नोटीस देऊन ठेवू. नोटीस म्हणजे काही लग्न नव्हे."

"नव्हेच," ते लगेच म्हणाले. "नोटीस म्हणजे नुसती नोटीस."

पण ती नुसती राहिली नाही. विवाह नोंदणीच्या कचेरीत ती फळ्यावर लागते, हे आम्हाला माहीत होतं. तो फळा कोणी वाचत असेल, असं वाटलं नव्हतं. आरवाडे वहिनींचा भाचा घराच्या दस्तासाठी तिकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी आमराईत मी शिरले तेव्हा सगळा गट एकदम झाडांकडे बघायला लागला. वहिनींनी मात्र सरळ येऊन माझ्या हातात मोगऱ्याचा गजरा ठेवला. "अजून काही ठरलेलं नाही," मी म्हणाले. "गजऱ्याला काय ठरायचंय?" त्या म्हणाल्या.

तुषारला मीच फोन केला. शनिवारी सकाळच्या गाडीने तो सांगलीत आला. हातपाय धुऊन झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, विम्यासाठी लग्न? मी मेलोय का?"

"असं बोलू नये."

"मग काय बोलू? दोन कंपन्यांनी नाही म्हटलं तर तिसरी बघतो. कर्ज काढतो. तुला काय वाटलं, तुझ्यावर वेळ आली तर मी मागे सरेन?"

"नाही सरणार तू. म्हणूनच भीती वाटते. चौगुले सरांचं घर गेलं, तसं तुझं जाईल."

तो स्टुलावर बसला. मी त्याच्यापुढे आंबोळी ठेवली. ती त्याने हातही न लावता तशीच ठेवली.

"मी त्यांना भेटतो," तो म्हणाला.

मीही बरोबर गेले. भिलवडीकरांनी दार उघडलं. त्यांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं. चहा त्यांनीच केला, साखर न घालता, आणि तुषारपुढे साखरेचं भांडं वेगळं ठेवलं. पॉलिसीची सगळी माहिती पुन्हा सांगितली. तुषारने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, रागावू नका. आईचा फायदा मला कळला. यात तुमचा काय फायदा?"

भिलवडीकरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र त्यांच्याकडे बघत होते.

"माझा?" ते म्हणाले. "माझा फायदा असा काही नाही. बाईंची सोय होते, एवढंच."

तुषारने मान हलवली. त्याला ते उत्तर सभ्य माणसाचं वाटलं असावं. परत येताना त्याचा आवाज निवळला होता. "माणूस चांगला आहे आई. पण तू एक सांग. पॉलिसी बाजूला ठेव. तुला हे हवंय का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ते खोटं होतं. मला त्या क्षणी नीट माहीत होतं, आणि म्हणूनच ते 'एवढंच' माझ्या मनात सलत होतं. मी चौसष्ट वर्षांची होते. कोणी माझी सोय म्हणून माझ्याशी लग्न करावं, हे मला चालणार नव्हतं. चौगुले सरांना मुलीच्या घरात जसं वाटत असेल, तसंच मला त्या घरात वाटलं असतं.

सोमवारी सकाळी फिरायला न जाता मी कागद घेऊन निघाले. गावात एका विमा कंपनीची शाखा होती, जिथे तुषारने अर्ज केला नव्हता. त्याचा भर सगळा मोबाइलवरच्या कंपन्यांवर होता. तिथे खिडकीपलीकडे जमादार मॅडम बसायच्या. त्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली.

"सगळं सांगा," त्या म्हणाल्या. "साखर किती वर्षं? इन्शुलिन कधीपासून? दवाखान्यात कधी राहिला होता का?"

मी सगळं सांगितलं. बाळंतपणापासून ते डेंग्यूपर्यंत. डोळ्यांचंही सांगितलं.

"मोतीबिंदू नाही सांगितला तरी चालला असता, अजून काढायचा आहे," त्या हसून म्हणाल्या.

"लिहा. नंतर कोणी म्हणायला नको."

"घेतील की नाही ते मी सांगू शकत नाही, बाई. तपासण्या होतील, मग वरच्या कचेरीत जाईल. घेतलं तरी हप्ता जास्त लागेल, आणि साखरेमुळे जे काही उद्भवेल ते पहिली दोन वर्षं टॉप-अपमध्ये धरणार नाहीत."

"आणि बाकीचं? डोक्यात रक्तस्राव, हाड मोडणं, अपघात?"

"सुरुवातीचा महिना गेला की बाकीचं बहुतेक सगळं. अपघात तर पहिल्या दिवसापासून."

मी अर्ज भरला. भिलवडीकरांनी रविवारी बाकावर लोकांना जे जे शिकवलं होतं, ते सगळं मी एकेक करून विचारलं आणि लेखी मागितलं. जमादार मॅडम शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला कोणी चांगलं तयार केलंय."

मग रक्त, लघवी, हृदयाचा आलेख. त्यानंतर वाट बघणं. भिलवडीकरांना यातलं काही सांगितलं नाही. आम्ही सकाळी चालत होतो, पण आता भाज्यांचे भावसुद्धा आम्हाला पुरत नव्हते. लग्नाची तारीख सत्तावीस मिळाली होती. तुषारने रजा टाकली. सूनबाई रेणुकाने फोनवर विचारलं, "साडी कोणती नेसणार?" मी म्हणाले, "अजून नक्की नाही." तिला वाटलं, साडीचं नक्की नाही.

बावीस-तेवीस तारखेला जमादार मॅडमचा फोन आला. "या आणि घेऊन जा. मंजूर झालं."

त्या दिवशी मी कचेरीतून बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. चौगुले सरांचा हात सोडल्यापासून मी जे काही छातीशी आवळून धरलं होतं, ते सैल झालं. समोरून एसटी जात होत्या, पोरी सायकलीवरून शाळेत चालल्या होत्या, आणि मी तिथे बसून चक्क रडले. एका बाईने पाणी विचारलं. "काही नाही हो," मी म्हणाले, "चांगलंच झालंय." घरी येताना पावशेर भडंग घेतलं आणि दुपारी गाढ झोपले. कित्येक महिन्यांत मी दुपारी अशी झोपले नव्हते.

जाग आली तेव्हा पहिला विचार आला तो भिलवडीकरांचा. आता त्यांना सांगायला हवं. आणि सांगितलं की ते काय म्हणतील, तेही मला दिसलं. ते पॉलिसी वाचतील, चष्मा काढतील, "फार छान झालं बाई, आता माझी गरज नाही" म्हणतील आणि खरोखरच आनंदाने घरी जातील. ते तसेच होते. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते फिरायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन उचलला, पण "जरा कामात आहे" म्हणून ठेवून दिला. मला वाटलं, कळलं असावं. सांगलीत काय लपतं?

पंचवीस तारखेला दुपारी माझ्या फाटकाची कडी वाजली. भिलवडीकर होते. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात आले, पण खुर्चीवर बसेनात.

"बसा ना."

"उभ्यानेच सांगतो. बाई, पॉलिसी होत नाही."

"कुठली?"

"आमची. बँकेची. अर्ज आणायला परवा शाखेत गेलो. तिथला अधिकारी म्हणाला, निवृत्तीच्या दिवशी जी पत्नी नोंदीत असेल तीच धरतात. नंतर लग्न केलं तर नाव घालता येत नाही. मी मुंबईला मुख्य कचेरीत फोन केला. आज त्यांचंही तेच उत्तर आलं." त्यांनी कठडा धरला. "मी तुम्हाला वचन दिलं होतं. तुमच्या मुलाला घरात बसवून सांगितलं. नोटीस लावली, गावभर चर्चा झाली. आणि आता माझ्याकडे तुम्हाला द्यायला काहीही नाही. तुम्ही मोकळ्या आहात. मी तुषारला फोन करून माफी मागतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला दुसरंच काहीतरी सुचत होतं.

"भिलवडीकर, तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना काय सांगता? आधी विचारा, लेखी विचारा."

"हो."

"चौकशी न करता तुम्ही साधी रिक्षासुद्धा ठरवत नाही. मग हे का नाही विचारलं बँकेत?"

समोरच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तो पार लांब जाईपर्यंत ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते," ते शेवटी म्हणाले.

"मग?"

"मग मी तुम्हाला काय कारण काढून विचारलं असतं?"

त्यांचे कान लाल झाले होते. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"आणि तुषारने फायदा विचारला तेव्हा?"

"मुलासमोर कसं सांगायचं बाई? घरी आल्यावर कुलूप उघडायचा कंटाळा येतो, हे काय सांगायचं त्याला? सकाळी तुम्ही दिसला नाहीत तर मी बाकावर बसून लोकांची कागदं चुकीची वाचतो, हे सांगायचं?"

मी आत गेले. कपाटातून पॉलिसी आणली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी नाव वाचलं. मग, सवयीने, खिशातून चष्मा काढला, खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. पहिल्या पानापासून. मी समोर उभी. एवढं सगळं बोलून झाल्यावर हा माणूस अटी वाचत होता, आणि मी त्याला वाचू दिलं. मला ठाऊक होतं, मधेच थांबवलं तर त्यांना चैन पडणार नाही.

"चांगली आहे," ते शेवटचं पान उलटून म्हणाले. "साखरेचं दोन वर्षं सांभाळा. हप्ता चुकवू नका. कोणी सांगितलं होतं विचारायला?"

"तुम्हीच. दर रविवारी."

त्यांनी कागद नीट जुळवून परत दिले. "म्हणजे तुम्हाला आधीच गरज नव्हती."

"पॉलिसीची नव्हती."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "मग परवाचं काय करायचं?"

"तुषारची रजा मंजूर झाली आहे. रेणुकाने साडी घेतली आहे. आरवाडे वहिनी साक्षीदार म्हणून येणार, त्यांनी ब्लाउज शिवायला टाकलाय. एवढ्या माणसांना परत पाठवायचं म्हणजे फार फोन करावे लागतील. मला नाही जमणार."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांना एकदम हसू आलं. हसता हसता डोळे पुसायला लागले. "बाई, मी दोन दिवस जेवलो नाहीये. काही आहे का घरात?"

भाकरी होती, वांग्याची भाजी होती. ते व्हरांड्यातच जेवले. रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं तर बघितलं.

सत्तावीस तारखेला लग्न झालं. तुषारने सही केली, भिलवडीकरांच्या मुलीने मेलबर्नहून फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं. चौगुले सर आणि वहिनी रिक्षा करून आले. सर काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "जेवायचं कुठे ठेवलंय?" वहिनी म्हणाल्या, दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी स्वतःहून खायला पहिल्यांदाच मागितलं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात भिलवडीकर आमराईतून येताना फाटकापाशीच छाती धरून खाली बसले. तोपर्यंत माझी दोन वर्षं नीट पार पडली होती. पायाला मुंगी चावली तर मी बॅटरी शोधत नव्हते. आम्ही कागद वाचायचो ते माझ्यासाठी. ते आजारी पडतील, हे आमच्या कोणाच्या मनातच नव्हतं. मिरजेला नेलं. तीन रक्तवाहिन्या बंद, बायपास करावी लागेल म्हणाले. खर्चाचा अंदाज ऐकला, तो त्यांच्या मूळ पॉलिसीच्या कितीतरी वर होता. पण वर त्यांचा बँकेचा टॉप-अप होता, दर ऑक्टोबरमध्ये न चुकता घेतलेला. सह्या मी केल्या. आत जायची परवानगी एकट्या पत्नीला होती, म्हणून काचेच्या दारातून आत मीच जात होते. तुषार पुण्याहून येऊन बाहेर बाकावर बसून होता.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. तोंडातली नळी काढलेली होती. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"मंजुरी आली का?"

"आली. सगळी. आपल्याला काही विकावं लागणार नाही."

त्यांनी डोळे मिटले. माझं बोट त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी सोडलं नाही. यंत्राचा आवाज एका लयीत चालू होता. सिस्टर म्हणाली, "आजी, आता झोपतील ते. धोका टळलाय. तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

मी बाहेर आले. तुषार उठून उभा राहिला. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"बोलले," मी म्हणाले. "चल, खाली कॅन्टीन आहे ना? मला फार भूक लागली आहे."